खाडीपलीकडे नेलेला वायलचा झगा

माझ्या मैत्रिणींच्या लेखी प्रवास म्हणजे महाबळेश्वर, नाहीतर काशी. मी मे महिन्यात दोन दिवस घणसोलीला जाऊन आले असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "हे कुठं आलं बाई?" मग मी सांगते, ठाण्याला उतरायचं, धक्क्यावर जायचं आणि होडीत बसून खाडीनं खाली निघायचं. डावीकडे निळसर डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी भातखाचरं आणि त्यांच्या अलीकडे ताडाची झाडं. तिथंच गाव आहे. डोळ्यांना अगदी जवळ वाटतं. पोचायला मात्र मला अख्खी सकाळ लागली आणि एक चप्पल गमवावी लागली.

मी गेले होते ती एक झगा द्यायला.

मी गिरगावात बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात काम करते. होळी झाली की आमच्याकडे मलबार हिलवरच्या बायका आणि पारशिणी छापील सुती कापडं घेऊन येतात आणि उन्हाळी फ्रॉक शिवून नेतात. हे काम करून करून मला एक खोड लागली आहे. माणूस दिसलं की मी मनातल्या मनात त्याचं माप घेते. देवळात पुजाऱ्याचंसुद्धा घेतलेलं आहे.

सुशीला आमच्याच चाळीत वाढलेली, माझी लहानपणची मैत्रीण. तिचे वडील मूळचे घणसोलीचे आगरी. मुंबईत येऊन छापखान्यात खिळे जुळवायला लागले आणि घरात त्यांनी दंडक घातला, की छापल्यासारखं बोलायचं, गावची बोली तोंडातून काढायची नाही. सुशी तशीच बोलायला शिकली. आणि मग त्याच वडिलांनी तिला सोयरीक बघून दिली ती परत घणसोलीत. लग्नाला वर्ष व्हायला आलं होतं, तेव्हा तिचं कार्ड आलं.

"इंदू, मला इथला उन्हाळा सोसत नाही. सहावा महिना चालू आहे आणि नऊवारी लुगड्यात अंगभर घामोळं उठलंय. तुझ्या दुकानात शिवता तसला वायलचा सैल झगा शिवून आण, घरातल्या घरात घालायला. पण इथं कोणाजवळ बोलू नकोस. मी वायल पाहिजे म्हटलं आणि घरात वादळ उठलं. आई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या आहेत. लवकर ये."

आई म्हणजे तिची सासू. कार्ड वाचून मला त्या बाईचा असा राग आला की विचारू नका. पोटुशी पोर चार वार कापड मागते तर अबोला धरायचा?

त्या रागातच मी कापड निवडलं. पांढऱ्या जमिनीवर निळी बारीक वेल. वायल इतकं तलम, की टेबलावरून उचलताना आपण काही उचललं आहे असं वाटतच नव्हतं. खांद्याखाली चुण्या घातल्या, बाह्या कोपरापर्यंत, घेर घोट्यापर्यंत, आणि पोट वाढेल तशी सोडायला कडेला दोन नाड्या. दुकानातल्या पंख्याखाली टांगला तर तो आपल्याआपण श्वास घेऊ लागला. मी हातातलं काम सोडून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मालकिणीची बोलणी खाल्ली.

भर खाडीत

धक्क्यावर होडी मिळाली. नाखवा म्हातारा होता, खांदे रुंद, पाठीला जरा बाक. मी एकटीच गिऱ्हाईक. त्यानं आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि म्हणाला, "पानी सरतंय. पोचलो तं पोचलो."

हे वाक्य मी मनावर घ्यायला हवं होतं. निम्म्या वाटेत होडीच्या तळाला काहीतरी मऊ लागलं आणि आम्ही थांबलो. ओहोटी. बघता बघता दोन्ही बाजूंनी गाळ वर आला, काळाभोर आणि चकचकीत. नाखव्यानं वल्हं आडवं टाकलं, डोक्यावर फडकं ओढलं आणि भरतीची वाट बघत बसला.

मी छत्री उघडली. असं बसून राहण्याची मला सवय नाही; दुकानात बसते तेव्हा पाय मशीनवर चालू असतात. पहिल्यांदा चिडले, मग हळूहळू चिडायचं विसरले. गाळातून निवट्या नावाचे बोटभर मासे टुणकन उड्या मारत होते. दूर मिठागरांत मिठाच्या राशी उभ्या होत्या, उन्हात इतक्या पांढऱ्या की त्यांच्याकडे बघताना डोळे मिटत. मिटलेल्या डोळ्यांपुढे तो झगा येई. मांडीवरच्या पिशवीत तो होता, पण मला वाटे की तो त्या राशींवरून तरंगत चालला आहे आणि त्याच्या निळ्या वेली पाण्यात सुटताहेत. मला झोप लागली होती की काय, देव जाणे.

"कनाकरं जातंस?" नाखव्यानं विचारलं.

मी म्हटलं, "पांडुरंगच्या घरी. त्याची बायको सुशीला, तिची मी मैत्रीण."

त्यानं डोक्यावरचं फडकं मागे सारलं. मग हळूच म्हणाला, "त्यांच्या घरान वायला चाललाय ना?"

मी थक्क झाले. चार वार वायलची बातमी भर खाडीतल्या नाखव्यापर्यंत! आता लपवण्यात काय अर्थ होता? पिशवीवर हात ठेवून मी ठसक्यात सांगितलं, "हो. मीच घेऊन चाललेय."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी आग लावायला निघालेल्या माणसाकडे पाहावं. नंतर घणसोली येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

भरती लागली आणि आम्ही काठाशी आलो. उतरायचं ते गुडघाभर चिखलात. नाखव्यानं हात दिला खरा, पण मी मुंबईची शहाणी, "येते मला" म्हणून एकटीच उतरले. डावा पाय गेला तो वर आला तेव्हा चप्पल खालीच राहिली होती. तिला शोधायला वाकले आणि मी, छत्री, पिशवी, सगळीच खाडीला अर्पण झालो.

घणसोली, पहिला दिवस

दारात एक उंच, काटक बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं, खांदे सरळ. हीच सासू. मी भांडण मनात घोळवत आले होते. पण डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखलेल्या माणसाला भांडता येत नाही. तिनं मला ओट्यावर बसवलं, घागरीनं पाणी आणलं आणि माझे पाय स्वतःच्या हातांनी धुतले.

"चपल गेली क?" ती म्हणाली. "जाव दे. खारी कायतरी ठेवून घेतंच." खारी म्हणजे खाडी; तिच्या बोलीत ड चा र होई.

आम्हा गिरगावकरांकडे पाहुणा आला की तांब्या पुढे करून आपण बाजूला होतो. पाय धुणारी सासू मी प्रथमच पाहत होते, आणि माझा राग जरासा ओशाळला.

आत गेले तर स्वयंपाकघरात दोन चुली. एक जुनी, काळी, रुंद तोंडाची. दुसरी समोरच्या भिंतीशी, नवी कोरी, तिच्या मातीवर अजून बोटं उठलेली दिसत होती. जुन्या चुलीपाशी सासू बसली. नव्या चुलीपाशी सुशी, घामानं निथळत, फुंकणीनं धूर स्वतःच्याच डोळ्यांत घालत. मला पाहून ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले.

सुशीचा नवरा पांडुरंग मिठागरावरून आला, खाली मान घालून बसला. मग प्रश्न आला की मी कोणाची पाहुणी? कोणीच विचारलं नाही आणि दोघींनीही मला वाढलं. सासूनं ताटात तांदळाची पांढरीशुभ्र, मऊ भाकरी आणि खाडीच्या कोलंबीचं लालभडक कालवण घातलं. सुशीनं त्याच ताटात करपलेली भाकरी आणि वांग्याची भाजी घातली. मी दोन्ही चुलींचं जेवले. एकीचं उरवलं तर दुसरीचं चांगलं असं होईल, म्हणून शेवटचा घास मी पाण्याबरोबर उतरवला. पांडुरंगचीही तीच गत दिसत होती. सदरा पोटावर ताणला होता; पोट नुकतंच सुटलेलं, हे मी माप घेऊन सांगते.

ऊन कलल्यावर सुशीनं मला मिठागराच्या बांधावर नेलं. वाऱ्याला मिठाचा वास होता. कोंड्यांतल्या, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतल्या, पाण्यात आभाळ गुलाबी होत चाललं होतं आणि आम्ही त्या दोन गुलाबी आभाळांच्या मधून चालत होतो. तिथं तिनं सगळं सांगितलं.

"चैत्रातली गोष्ट. दुपारी भाकऱ्या करत होते, इतकं गरगरलं ना इंदू! हे आले, त्यांना म्हटलं, मला आता वायल पाहिजे, माझा जीव गुदमरतो. आई तिथंच होत्या. त्या उठून बाहेर गेल्या त्या आजतागायत बोलल्या नाहीत. चार दिवसांनी ह्यांनी विचारलं, खरंच पायजे? मी म्हटलं, हो, मुंबईत आता सगळ्याच बायकांकडे असतं, त्यात एवढं काय? तर दुसऱ्या दिवशी ह्यांनी माती आणून ती चूल घातली. उद्या आईंचे भाऊ येणार आहेत. भांडी वाटायला."

"कापड मागितलं म्हणून भांडी वाटायची?"

"मला तरी कुठं कळतंय? म्हटलं, नको मला वायल. तर ह्यांनी हात जोडले. म्हणाले, तो शब्द परत काढू नको, आय रडते." तिनं पदरानं डोळे पुसले. "बाळ येईल तेव्हा मी एका चुलीशी एकटी असेन गं. मला साधी पेज करता येत नाही."

आम्ही बांधावरच बसलो. एक बगळा पाण्यात पाय न वाजवता चालत होता. सगळं इतकं शांत आणि सुंदर होतं, आणि माझी मैत्रीण हुंदके देत होती. त्या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येईना.

दुसरा दिवस

पिशवीतला झगा चिखलानं आणि खाऱ्या पाण्यानं ताठ झाला होता. धुतला नसता तर डाग बसले असते. म्हणून घर जागं व्हायच्या आत मी उठले, मागच्या विहिरीवर तो चार पाण्यांतून काढला आणि परसात दोरीवर टाकला. बेत असा होता की घटकाभरात वाळेल आणि मी गुपचूप आत नेईन. वायल वाळायला कितीसा वेळ लागतो?

पण खाडीवरचा पहाटवारा मी हिशेबात धरला नव्हता. दोरीवर सासूची जाडजूड लुगडी होती, ती जागची हलली नाहीत. मधोमध माझा झगा मात्र फुगला, वर गेला, बाह्या पसरल्या आणि अंगात कोणी नसताना नाचू लागला. मागे डोंगरावर नुकतं तांबडं फुटत होतं, ते त्याच्यातून आरपार दिसत होतं. मी शिवलेली वस्तू मलाच ओळखू येईना. मी नुसती बघत राहिले.

"यो काय गो?"

सासू माझ्या पाठीशी उभी होती.

"झगा आहे, आई. सुशीसाठी आणलाय. उकाड्यात घालायला."

तिनं पुढे होऊन काठ चिमटीत धरला. बोटं खरखरीत, त्यांना कापड अडकत होतं. "यो कपरा हाय का वारा? नाव काय याचा?"

सुशीनं बजावलेलं मला आठवत होतं. पण समोरची बाई खरंच विचारत होती, आणि झगा दोरीवर नाचत असताना मी थापा तरी काय मारणार?

"वायल," मी म्हटलं.

तिची चिमटी सुटली. "काय बोल्लीस?"

"वायल. कापडाचं नाव आहे हे. मुंबईत मिळतं. हेच तर मागितलं होतं तिनं, चैत्रात. त्यावरनंच तुम्ही रागावलात ना?"

"यो मांगला? यो कपरा?"

"मग दुसरं काय?"

ती विहिरीच्या कठड्यावर बसली. मग सावकाश, मला समजेल अशा बेतानं म्हणाली, "पोरी, आमच्यान वायला म्हंजे येगला. चूल येगली, भांरी येगली. सून बोल्ली, मना वायला पायजे, जीव गुदमरतंय. मी काय समजू?"

नाखव्याची ती नजर मला आता कळली. भर खाडीत मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, की हे घर मीच मोडायला चालले आहे.

"मग विचारायचं नाही का तिला?"

"कसा ईचारू? तो शबूद मना तोंडान घेववत नाय." ती झग्याकडे पाहत बोलत होती. "माजा घोव गेला तवा पांडू पोटान व्हता. दीर बोललं, वायली हो. एक टोप दिला, एक पली दिली. नव्या चुलीपुढं एकली बसून मी बालंत झाली. आन आता माजी सून पोटुशी, ती आपल्या तोंडान वायला मांगतंय. मना वाटला, माजाच कायतरी चुकला."

मी तिचा हात धरला. ज्या बाईशी भांडायचं ठरवून आले होते, तिच्यापुढे मीच रडायला लागले.

तिनं डोळे पुसले, उठली, दोरीवरचा अर्धा ओला झगा ओढला आणि तरातरा आत गेली. सुशी नव्या चुलीत फुंकर घालत होती. सासूनं झगा तिच्या मांडीवर टाकला.

"घाल," ती म्हणाली. महिन्याभरानं बोललेला तो पहिला शब्द.

मग जो गोंधळ झाला तो लिहून सांगता येणार नाही. मी दोघींना एकमेकींचा शब्द समजावून सांगितला. सुशी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही. "अहो आई, मी कशाला वेगळी निघू? मला भाकरी तरी धड थापता येते का?"

"ती काल मी बघली," सासू म्हणाली.

पांडुरंग दारात उभा राहून म्हणत होता, "पन मी ईचारला व्हता ना? खरंच पायजे क, बोललो! तू बोल्लीस, मुंबयला सगल्याच बायकांकरं असतंय! मना वाटला, मुंबयला सगल्याच येगल्या र्‍हातात."

"तुज्या बापाला येवरी अक्कल नव्हती, तुला कुठशी असंल?" आईनं त्याला गप्प केलं.

सुशी आतून झगा घालून आली. मी खांद्याला अर्धा इंच सैल धरला होता, तो नेमका बसला. दारातून वारा आला, घेर उचलला गेला, ती निळी वेल तिच्या पोटावरून हलली आणि सुशीनं डोळे मिटून घेतले. महिन्याभरात तिच्या अंगाला पहिल्यांदाच वारा लागत असावा. सासू तिच्याभोवती एक फेरी मारून आली. "उंबऱ्याच्या आत घालाचा," तिनं निवाडा दिला. थोड्या वेळानं म्हणाली, "परसान पन चालंल."

मामा भांडी वाटायला आले ते अकराच्या सुमाराला, चेहरा पाडून. त्यांना चिंबोऱ्यांचं कालवण वाढलं आणि मग सगळी हकीकत सांगितली. त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. पांडुरंगनं नवी चूल मोडायला पहार काढली, तर सासूनं त्याचा हात धरला.

"नको मोरू. बालाचा पानी तापवाला लागंल."

परत

दुपारच्या भरतीला होडी निघणार होती. तोच नाखवा. त्यानं मला पाहून होडीच्या पुढच्या टोकाच्या नाळेतून एक वस्तू काढली. माझी चप्पल! ओहोटीत गाळातून काढून धुऊन ठेवली होती. देताना मात्र त्यानं जरा साशंकपणे विचारलं, "झाला वायला?"

"नाही झालं," मी म्हटलं. "दोघी एकाच चुलीवर भाकऱ्या करतायत." तेव्हा कुठं तो हसला.

सासू मला पोचवायला पाण्यात गुडघ्यापर्यंत आली होती. मी म्हटलं, "जाते मी, आई."

"जाते नको बोलू. येते बोल."

"येते."

होडी सुटली तरी तिनं कड धरूनच ठेवली होती. इकडे तिकडे पाहून ती हळूच म्हणाली, "पुढल्या टायमाला मना पन चार वार आन. सुनंसारखाच, बारीक येलीचा. माजा माप?"

"घेतलंय," मी म्हटलं. कालच दारात घेतलं होतं. मग मला खोडी काढायची लहर आली. "पण चार वार कशाचं आणू, आई? नाव सांगा की."

ती घुटमळली. तो शब्द ओठांशी आला असणार, पण तिनं तो गिळला. आपण जाते म्हणत नाही, येते म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तसं काहीतरी ती मनात शोधत असावी. मग तिनं कड सोडली आणि होडी जरा लांब गेल्यावर मोठ्यानं ओरडून सांगितलं, "एकचुलीचा!"

परतीच्या वाटेवर होडी कुठं अडली नाही. मी पाण्यात हात सोडून पडून राहिले होते. मिठाच्या राशी गेल्या, बगळे गेले, डोंगर निळा झाला आणि मग धूसर. तो शब्द मी किती वेळा मनात घोळवला असेन कोण जाणे.

परवा मूळजी जेठा मार्केटात गेले होते. दुपारची वेळ, दुकानदार गादीवर पेंगत होता. मी सवयीनं गज पुढे ओढला आणि म्हटलं, "चार वार एकचुलीचं काढा. बारीक वेलीचं."

त्यानं डोळे उघडले. इतकी वर्षं ह्या धंद्यात होता, पण हे कापड त्यानं ऐकलं नव्हतं.

"एकचुलीचं? कुठल्या मिलचं ते, बेन?"

"घणसोलीचं," मी म्हटलं आणि बोटानं वायलचा तागा दाखवला.